अकरा वर्षं मंडळीच्या हॉलची चावी माझ्याकडे आहे आणि कुणाला माहीतच नाही

बायणाची_बहीण

सलाम सगळ्यांना. मी इथे नुसती वाचत असते, लिहीत नाही, आज लिहितेय कारण घरात कुणाला सांगता येत नाहीये आणि मंडळीत तर अजिबातच नाही. आम्ही मूळचे गडहिंग्लजचे, मिस्टरांची नोकरी वेर्ण्याला म्हणून वीस वर्षं वास्कोत. इथे आमची छोटीशी मराठी ख्रिस्ती मंडळी (चर्च) आहे, साठ-सत्तर माणसं, जास्त करून कोल्हापूर, सांगली, बेळगावकडची. भाड्याच्या हॉलमध्ये उपासना होते आणि त्या हॉलची चावी गेली अकरा वर्षं माझ्याकडे आहे.

म्हणजे रविवारी साडेसहाला जाऊन उघडायचं, झाडायचं, खुर्च्या पुसायच्या (वास्कोत राहणाऱ्यांना माहीत असेल, आठवडाभर बंद खोलीतसुद्धा कशी काळी धूळ बसते, फडकं दोनदा पिळलं तरी पाणी काळंच), पावसाळ्यात चटयांना बुरशी येते त्या वाळवायच्या, गीतांची पुस्तकं फॅनखाली उघडून ठेवायची. प्रभुभोजन (येशूच्या आठवणीसाठी भाकर आणि द्राक्षरस घेतात तो विधी) असेल तेव्हा शनिवारी रात्री काळ्या मनुका भिजत घालायच्या, पहाटे उकळून गाळायच्या आणि उपासना झाली की ते सगळे छोटे पेले एकेक करून धुवायचे, कारण एकात एक घातले की तडकतात. लोक बाहेर चहा पीत गप्पा मारत असतात तेव्हा मी मागे मोरीत असते. शिवाय मांगोरला एक आजी आहेत, अंथरुणाला खिळलेल्या, मुलगा जहाजावर, सून कामाला जाते, त्यांच्याकडे मंगळवारी आणि शुक्रवारी जाते, पेज भरवते, वचन वाचून दाखवते. हे मला कुणी सांगितलेलं नाही, माझं मीच सुरू केलं.

गेल्या महिन्यात मंडळीला पंचवीस वर्षं झाली. मोठा कार्यक्रम होता, बाहेरून पाहुणे आले होते. शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाले, गायन मंडळाचा, कमिटीचा, संडे स्कूलच्या टीचरांचा, ज्यांनी देणगी दिली त्यांचा. मांडववाल्याचे आणि जेवणवाल्याचेही आभार मानले. मी आत पेले धुत होते तेव्हा माझी मुलगी आली आणि म्हणाली आई, यादी संपली, तुझं नाव नव्हतं. मी म्हटलं राहू दे गं, आपण नावासाठी करतो का. ती गेली आणि मग नळ मोठा सोडून रडले.

खोटं कशाला बोलू, शाल मला हवी होती. म्हणजे शाल नाही, पण कुणीतरी एकदा म्हणावं की ही बाई पण आहे. आणि तेव्हापासून दुसरंच दुःख लागलंय, की माझ्या मनात हे आलंच कसं, मग अकरा वर्षं मी हे देवासाठी केलं की माणसांसाठी? हा गर्व आहे का? दोन रविवार हॉल उघडताना मनात फक्त कडू विचार, प्रार्थना होतच नाही. चावी परत देऊन टाकावी असं वाटतंय. "देव सगळं बघतो" हे मला माहीत आहे, आजींना तर मीच ते सांगत असते, पण त्या दिवशी तेच वाक्य मला माझ्यासाठी लागू पडेना. कुणाला असा अनुभव असेल तर लिहा.

वचन_वाचक

ताई, मत्तय ६:१ ते ४ वाचा. उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला कळू नये असं प्रभूने स्पष्ट सांगितलंय. माणसांनी बघावं म्हणून केलं तर स्वर्गातल्या पित्याकडे प्रतिफळ नाही. माणसाच्या स्तुतीची अपेक्षा ठेवली की सेवेचा आनंद जातोच. मनातून ते काढून टाका, पश्चात्ताप करा आणि सेवा चालू ठेवा. देव आशीर्वाद देवो.

निवृत्त_पाळक_मडगाव

बहीण, सलाम. वरच्या बंधूंनी दिलेलं वचन खरं आहे पण ते तुम्हाला लागू करताना थोडी घाई झाली असं मला वाटतं. मत्तय ६ मध्ये प्रभू कुणाबद्दल बोलतोय ते बघा, दानधर्म करताना रस्त्यात आणि सभास्थानात आपल्यापुढे कर्णा वाजवणाऱ्यांबद्दल. तुम्ही अकरा वर्षं मोरीत पेले धुतले, कर्णा कुठे वाजवला? एकदा नळ मोठा सोडून रडलात, तेही कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. आणि तो उतारा सेवा करणाऱ्याला सांगितलेला आहे, की तू दाखवायला करू नकोस. आम्हा पाळकांना (मंडळीच्या धर्मगुरूंना) आणि कमिटीला तिथे सूट दिलेली नाही की तुम्ही बघितलं नाही तरी चालेल. आम्ही मात्र ती सूट घेतो, मीही घेतलेली आहे, म्हणून जरा मोठं लिहितोय, सांभाळून घ्या.

तीस वर्षं पाळकी केली, बरीच घाटावर, शेवटची काही गोव्यात. आभाराची यादी मीच करायचो, शनिवारी रात्री अकरा वाजता, दुसऱ्या दिवशीचा उपदेश अर्धवट असताना. अशा वेळी जो माणूस डोळ्यांपुढे येतो तो यादीत येतो. माईकवर असतो तो, पेटी वाजवतो तो, हिशोब मांडतो तो. आपण यायच्या आधी येऊन काम करून ठेवणारा डोळ्यांपुढे येतच नाही, कारण त्याला काम करताना आपण कधी पाहिलेलंच नसतं. एका मंडळीत मी नऊ वर्षं होतो, तिथे पुलपिटवर दर रविवारी पाण्याचा ग्लास झाकून ठेवलेला असायचा. एका आठवड्यात एक म्हाताऱ्या बाई वारल्या, आणि त्या रविवारी ग्लास नव्हता. नऊ वर्षं मी ते पाणी प्यालो आणि कोण ठेवतं हे एकदाही विचारलं नाही. थंड पाण्याचा प्याला देणाऱ्याचं प्रतिफळ बुडणार नाही, मत्तय १०:४२, यावर मी त्याच पुलपिटवरून दोनदा उपदेश केला होता, तो ग्लास शेजारी असताना. दफनाच्या वेळी त्यांच्याबद्दल जे बोललो ते सगळं खरं होतं पण त्यांना ऐकायला मिळालं नाही.

आता प्रेषित पौलाचं बघा. रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय आपण वाचताना गाळतो कारण नुसती नावं आहेत. पौल तोपर्यंत रोमला गेलेलाही नव्हता, तरी तिथल्या २४ माणसांना नावानिशी सलाम सांगतो, नेमकं कोणी काय केलं तेही कितीतरी जणांबद्दल सांगतो. कुणी त्याच्यासाठी जीव धोक्यात घातला, कुणी त्याच्याबरोबर तुरुंगात होतं. रूफाच्या आईचं नाव त्याने दिलेलं नाही पण लिहितो, ती माझीही आई झाली. केवढं काय असेल त्या एका वाक्यामागे, जेवण, कपडे, आजारपण. आणि त्या यादीत "श्रम केले" असं चौघांबद्दल म्हटलंय, मरीया, त्रुफैना, त्रुफासा आणि पर्सिस. चौघी बायका. तिथला ग्रीक शब्द साध्या कामाचा नाही, अंग मोडून थकेपर्यंत केलेल्या कामाचा आहे. म्हणजे पौलाला त्यांचं थकणं माहीत होतं, आणि ते त्याने लिहून सगळ्या मंडळीपुढे वाचायला पाठवलं. माणसाने माणसाचं नाव घेणं हे जर चुकीचं असतं तर पवित्र शास्त्रात हा अध्याय राहिलाच नसता.

प्रभूने स्वतःही तेच केलं. मंदिरात दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, टाकणाऱ्या विधवेकडे त्याने शिष्यांना जवळ बोलावून लक्ष वेधलं. बेथानीत ज्या स्त्रीने त्याच्या मस्तकावर महागडं सुगंधी तेल ओतलं तिच्यावर सगळे तुटून पडले तेव्हा तो सगळ्यांसमोर तिच्या बाजूने बोलला, आणि जगात जिथे सुवार्ता जाईल तिथे हिचं हे कामही सांगितलं जाईल असं म्हणाला.

तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर द्यायचं तर मला हा गर्व वाटत नाही. गर्व असता तर तुम्ही कमिटीशी भांडला असता, तुम्ही तर स्वतःशी भांडताय. इब्री ६:१० मध्ये लिहिलंय की तुमचं काम आणि पवित्र जनांची सेवा विसरायला देव अन्यायी नाही. शब्द लक्षात घ्या, अन्यायी. म्हणजे अशी सेवा विसरणं हा अन्याय आहे असं वचनच मानतं, मग तुम्हाला ते लागलं यात नवल काय? प्रेषितांची कृत्ये ६ मध्येही ग्रीक बोलणाऱ्या विधवा रोजच्या वाटणीत राहून जात होत्या, कुरकुर झाली. प्रेषितांनी त्यांना कुरकुर करू नका, देव बघतोय असं सांगून घरी पाठवलं नाही, सगळ्यांना बोलावलं, सात जण निवडले, व्यवस्था बदलली. म्हणून माझं म्हणणं असं की तुमच्या पाळकांना जाऊन सांगा, तक्रार म्हणून नको, माहिती म्हणून. ते माझ्यासारखेच असतील तर त्यांना खरंच माहीत नसेल.

मिरजेची_सिस्टर

अगं ताई, मी नर्स, मिरजेला शिकले, मग लग्न होऊन गोव्यात, आता रिटायर. काकांनी वचन छान उलगडलंय, मी माझ्या कामातलं सांगते.

रात्रपाळीला आम्हाला पडून असलेल्या पेशंटची दर दोन तासांनी कूस बदलावी लागायची. एक वाजता, तीन वाजता, पाच वाजता. वॉर्डात अंधार, आपणच आणि एक आया, जड माणूस असला तर कंबर जाते. आता बघ, पेशंटच्या पाठीला जखम झाली तर सकाळी दहा माणसं विचारतात कशी झाली. झाली नाही तर कुणी येऊन म्हणत नाही की सिस्टर, आज पाठ चांगली आहे. न झालेली जखम कुणाला दिसत नाही. मी छत्तीस वर्षं न झालेल्या जखमांवर नोकरी केली असं म्हटलं तरी चालेल. तुझ्या हॉलचंही तसंच आहे, खुर्ची काळी असती तर लोकांच्या पांढऱ्या कपड्यांना डाग लागला असता आणि लगेच विषय झाला असता, डाग लागत नाही म्हणून विषय नाही.

पण मला तुझ्या पत्रात दुसरंच दिसलं. अकरा वर्षांत तू किती रविवार सुट्टी घेतलीस? तू आजारी पडलीस तेव्हा हॉल कोणी उघडला? मला वाटतं तूच तापात जाऊन उघडला असशील. तू दुखावली आहेस ते खरंच, पण ताई, तू दमलेली पण आहेस, आणि दमलेल्या माणसाला लहान गोष्ट मोठी लागते आणि मोठी गोष्ट सहनच होत नाही.

१ राजे १९ काढ. एलीया रतामाच्या झुडपाखाली जाऊन पडला आणि म्हणाला, पुरे झालं, आता माझा प्राण घे. एवढा मोठा संदेष्टा. देवाने त्याला आधी काही समजावलं का? देवदूत आला, त्याला हात लावून म्हणाला ऊठ, खा. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा तांब्या. तो जेवला, परत झोपला. देवदूताने परत उठवून परत खायला दिलं. बोलणं नंतर, आधी जेवण आणि झोप. मला हा अध्याय वाचताना नेहमी वाटतं की देवाला वॉर्ड सांभाळता येतो. आणि मग जेव्हा एलीया म्हणतो मीच एकटा उरलोय, तेव्हा देव म्हणतो माझे सात हजार आहेत. तुझ्या मंडळीत सात हजार नाहीत, पण सत्तरात दोघं तरी निघतील जे किल्ली धरतील.

म्हणून चावी परत देऊ नकोस, दुसरी करून घे. बाजारात चावीवाला दहा मिनिटांत करून देतो. कुणाकडे द्यायची ते पाळकांशी बोलून ठरव. आणि बोलायला लाजू नकोस. योसेफाने तुरुंगात प्यालेबरदाराला तोंडाने सांगितलं होतं, तुझं भलं झालं की माझी आठवण ठेव, फारोला माझ्याबद्दल सांग. प्यालेबरदार विसरला, पुढे पूर्ण दोन वर्षं. पण योसेफाने मागितलं यात पाप झालं असं कुठे लिहिलेलं नाही.

साउंडवाला_फोंडा

जय ख्रिस्त ताई. मी २४ वर्षांचा आहे, अनुभव कमी, तरी लिहितो. आमच्या मंडळीत मी साउंड बघतो. शेवटच्या रांगेच्या मागे मिक्सर असतो, पूर्ण उपासनेत सगळ्यांची माझ्याकडे पाठ. लोक मागे वळून बघतात ते फक्त माईक कुईं करून ओरडतो तेव्हा. सुरुवातीला मला खूप वाईट वाटायचं, एकदा तर रागाने बॉक्स बंद करून घरी जावं असं वाटलं.

मग युथच्या अभ्यासात १ शमुवेल ३० आला. दावीद आणि त्याची ६०० माणसं अमालेक्यांच्या मागे लागली होती, त्यातली २०० इतकी दमली की बसोर ओढा ओलांडता येईना, ती सामानापाशी थांबली. बाकीचे ४०० लढून लूट परत आणतात आणि त्यातले काही म्हणतात की हे आलेच नाहीत, यांना आमच्यातलं काही देणार नाही. दावीद म्हणतो असं चालणार नाही, लढाईला गेला त्याचा जेवढा वाटा तेवढाच सामानापाशी राहिला त्याचा, सगळ्यांना सारखं. आणि नुसता त्या दिवसापुरता नाही, इस्राएलात तो नियमच झाला. आमचे युथ लीडर तेव्हा म्हणाले की दावीद स्वतः मेंढरं राखणारा होता, शमुवेल संदेष्टा नवा राजा निवडायला घरी आला तेव्हा बापाने बाकीच्या सगळ्या पोरांना पुढे आणलं आणि याला रानातच ठेवलं, म्हणून मागे राहिलेल्याचं दुःख त्याला बरोब्बर कळलं. मला ते पटलं.

ताई तुमची पोस्ट वाचून मी आमच्या आईला विचारलं की आपल्या मंडळीत पेले कोण धुतं. तिने नाव सांगितलं. मला माहीत नव्हतं. मी रविवारी त्यांना भेटणार आहे.

म्हापसेकरीण

ताई, मी कॅथलिक, माहेर सावंतवाडी, मराठी शाळेत शिकलेली, लग्नानंतर म्हापशाला. तुमच्या मंडळीची रीत वेगळी असेल पण दुःख ओळखीचं आहे म्हणून लिहिते. आमच्याकडे फेस्त (चर्चचा सण) आलं की ज्याच्या नावाने फेस्त त्याचं नाव सगळीकडे, आणि आल्तारवरच्या (वेदीवरच्या) चादरींना इस्त्री करणाऱ्या बायका कोण ते फक्त त्या बायकांनाच माहीत. मी त्यातली एक, चौदा वर्षं.

वास्कोहून तुम्हाला सांकवाळ जवळ. संत जुझे वाझ यांचं घराणं तिथलं, जन्म १६५१ साली बाणावलीला. १६८७ मध्ये ते सिलोनला गेले, म्हणजे आताच्या श्रीलंकेत, तिथे डचांच्या राज्यात कॅथलिकांना पाद्रीच उरला नव्हता, म्हणून मजुराच्या वेशात गेले. १७११ साली कँडीला वारले. त्यांना संत म्हणून जाहीर केलं ते २०१५ च्या जानेवारीत, कोलंबोला, पोप फ्रान्सिस आले होते तेव्हा. मध्ये ३०४ वर्षं गेली! पण मला नेहमी आठवतो तो त्यांच्याबरोबर गेलेला जॉन नावाचा सेवक. तोही त्याच प्रवासात होता, तोच धोका, तीच उपासमार. संताच्या मूर्ती आहेत, फेस्त आहे, जॉनसाठी एक मेणबत्ती वेगळी लावलेली मी तरी बघितली नाही. म्हणून गेली काही वर्षं १६ जानेवारीला, त्यांच्या फेस्ताला, मी दोन लावते.

दुसरी गोष्ट मराठीची आहे. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण तुम्हाला माहीत असेल. इंग्लंडहून १५७९ साली गोव्यात आलेला जेझुइट पाद्री, त्याने येशूची कथा मराठी ओव्यांत लिहिली आणि १६१६ साली ती राचोलला, म्हणजे आपल्या रायतूरला, छापली गेली. पुढे अजून दोनदा छापली. त्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज सापडत नाही. मग आपल्या हातात ते पुराण आलं कसं? लोकांनी हाताने उतरवून काढलं म्हणून. दहा हजारांवर ओव्या, दिव्याच्या उजेडात, बोरूने, एकाने काढलेली नक्कल दुसऱ्याने उतरवायची, असं करत ते टिकलं, आणि १९०७ साली मंगळूरला परत छापलं गेलं ते अशाच हस्तलिखितांवरून. ते उतरवणारे बहुतेक कोण होते आपल्याला माहीत नाही. कुणाचे डोळे गेले असतील, कुणाच्या घरचे म्हणाले असतील की कशाला एवढं लिहीत बसलायस. मी पुस्तक उघडते तेव्हा स्टीफन्सच्या आधी मला तेच आठवतात.

तुम्ही आजींकडे जाता ना, मला ते सगळ्यात मोठं वाटलं, तुम्ही मात्र ते शेवटी घाईत लिहिलंत.

वचन_वाचक

ताई, मी वर जे लिहिलं ते वचन म्हणून बरोबर असलं तरी तुम्ही काय सांगताय ते मी नीट ऐकलं नाही. पश्चात्ताप करा असं लिहायला नको होतं. काकांनी दाखवल्यावर रोम १६ पहिल्यांदाच पूर्ण वाचला, एकेक नाव वाचत. माफ करा.

बायणाची_बहीण

सगळ्यांना सलाम. पंधरा दिवसांनी लिहितेय, राग मानू नका, वाचत रोज होते पण काय लिहावं सुचत नव्हतं. वचन_वाचक दादा, माफी कशाला, तुमचं वाचून मीही मत्तय ६ परत काढलं आणि त्यात "गुप्तपणे पाहणारा तुझा पिता" हे शब्द आहेत ते आधी कधी थांबून वाचलेच नव्हते.

काकांचं वाचून मी पाळकांना भेटायला गेले. चार वेळा फोन हातात घेऊन ठेवला होता, शेवटी मिस्टर म्हणाले चल मी येतो. मी म्हटलं पाळक, तक्रार नाही, पण मला आता एकटीला होत नाही, चावीसाठी अजून कुणीतरी पाहिजे. ते म्हणाले, "चावी तुमच्याकडे असते होय? मला वाटायचं खालच्या वॉचमनकडे असते." अकरा वर्षं! त्यांना इथे येऊन चारच झालीत म्हणा. मग ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मनुका कोण उकळतं ते विचारलं, पेले, चटया, एकेक विचारत गेले आणि वहीत लिहून घेत गेले. निघताना त्यांनी प्रार्थना केली आणि त्यात माझं नाव घेतलं, मला तेवढ्याने इतकं भरून आलं की जिन्यात मिस्टरांचा हात धरावा लागला. पुढच्या रविवारी जाहीर बोलू का असं ते विचारत होते, मी नको म्हटलं, खरंच नको वाटलं तेव्हा. त्यापेक्षा महिला मंडळात रोम १६ वाचू या म्हटलं. वाचला, आणि मग प्रत्येकीने एक नाव सांगायचं ठरलं, मंडळीत कोण काय करतं ते आपल्याला दिसलेलं. चाळीस मिनिटं गेली. एक बाई दर महिन्याला तीन म्हाताऱ्यांची बीपीची औषधं आणून देते, मला माहीत नव्हतं. पेटीवाल्या दादांची बायको घरी अर्धांगाने आजारी, तिचं सगळं करून ते सकाळी सरावाला येतात, तेही मला माहीत नव्हतं. त्यांना त्या दिवशी शाल मिळाली तेव्हा मीच मनात म्हणाले होते की यांना काय कष्ट. त्याबद्दल मात्र मी देवाची क्षमा मागितली.

सिस्टर, दुसरी चावी केली. जतहून नवीन आलेलं एक जोडपं आहे, दोघं तरुण, त्यांच्याकडे दिली. पहिल्याच रविवारी मुलीने पेले एकात एक घातले आणि दोन तडकले, ती रडायला लागली, मी तिला सांगितलं की माझ्या हातून पहिल्या वर्षी नऊ फुटले होते. त्या दिवशी मी अकरा वर्षांत पहिल्यांदा बाहेर सगळ्यांबरोबर गरम चहा प्याले.

आजींना मी काही सांगितलं नव्हतं. पण मागच्या शुक्रवारी पेज भरवताना त्या म्हणाल्या, तू दोन आठवडे जिना हळू चढत होतीस, आज बरी चढलीस. त्यांना खोलीतून जिना दिसत नाही, त्या पायांच्या आवाजावरून ओळखतात. मला काय बोलावं कळेना, मी स्तोत्र १३९ वाचायला घेतलं, माझं बसणं-उठणं तू जाणतोस, ते.

म्हापसेकरीण ताई, तुम्ही म्हणालात मी आजींचं घाईत लिहिलं, ते खरं आहे, मला ती सेवा वाटतच नाही म्हणून. आणि सिस्टर, एक विचारायचं होतं. तुमचं कूस बदलायचं वाचल्यावर मी आजींचे पाय नीट बघितले, उजव्या टाचेला मागच्या बाजूने लाल दिसतंय, रुपयाएवढं. आधीपासून असेल तर मला दिसलं नव्हतं. तेल लावून चोळू का?

मिरजेची_सिस्टर

चोळू नकोस! लाल झालेली जागा कधीच चोळायची नाही, आतली कातडी आणखी खराब होते. बोटाने हलकेच दाबून सोडून बघ, दाबल्यावर पांढरी पडून परत लाल होते की तशीच लाल राहते. तशीच राहत असेल तर सुरुवात झालीये, लगेच डॉक्टरांना दाखवायला सुनेला सांग. तोपर्यंत पोटरीखाली उशी ठेव, अशी की टाच गादीला टेकणारच नाही, अधांतरी राहील. चादरीला सुरकुती नको, ओलसर नको. दिवसा सून नसताना कूस बदलायला कोण आहे? शेजारी कुणी असेल तर विचार, तुमच्या महिला मंडळातल्या चौघी मिळून वेळा वाटून घेता आल्या तर बघ. मी शनिवारी वास्कोला येतेय, बहिणीकडे. मांगोरचा पत्ता मला मेसेज कर, मी येऊन बघते आणि सुनेला उचलायची पद्धत दाखवते, कंबर न मोडता.